गोळीचा राग माणसावर काढू नका

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आम्ही एरवी बेणे बदला, पाचट जाळू नका, हुमणीचा बंदोबस्त वेळेवर करा, असे सांगत असतो. या खेपेस विषय वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने औषधपाण्यावर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर सरळ आहे. गटागटांत हिंडताना आमचा संबंध जितका उसाशी येतो, तितकाच ऊस लावणाऱ्या माणसाशी येतो. गेल्या काही हंगामांत आम्ही अशी चार-पाच घरे पाहिली की, जिथे पिकाला काहीच झाले नव्हते. घरातल्या कर्त्या माणसाचा स्वभाव मात्र महिन्याभरात पालटला आणि त्यापायी व्यवहार, बांध, भाऊबंदकी सगळेच नासायची वेळ आली. कारण शोधत गेलो तर दर ठिकाणी एकाच जातीची गोळी निघाली.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण कृषी पदविकेचे. तेव्हा कोणते औषध घ्यावे, किती घ्यावे, हे सांगण्याच्या भानगडीत आम्ही पडणार नाही. परंतु ते औषध घेणाऱ्या माणसाशी घराने आणि गावाने कसे वागावे, यावर बोलण्याचा हक्क शेजाऱ्यालाही आहे असे आमचे मत आहे, आणि त्याच हक्काने हे लिहीत आहोत.

तर या गोळीचे नाव स्टेरॉईड. चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन अशी नावे असतात. दमा फार बळावला, सांधे सुजून आखडले, किडनीतून प्रथिने वाहून जाऊ लागली, अंगावर मोठे फोड उठले, डोळ्याला आतून सूज आली, अशा कितीतरी दुखण्यांत हे औषध माणसाला उभे करते. आपल्या धंद्यातलेच उदाहरण द्यायचे तर बुरशी धरलेल्या जुन्या बगॅसची धूळ छातीत जाऊन बगॅसोसिस नावाचा आजार होतो, त्यातही डॉक्टरांना कधी कधी हीच गोळी द्यावी लागते. कोरोनाच्या साथीत, जून २०२० मध्ये, इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत डेक्सामेथासोनमुळे मृत्यू कमी होतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर आपल्या भागातल्या पोराटोरांनाही हे नाव पाठ झाले. म्हणजे औषध वैरी नव्हे, हे आधी मनात पक्के धरून पुढचे वाचावे. (तालमीतली काही पोरे अंग भरण्यासाठी जे टोचून घेतात ते स्टेरॉईड निराळ्या जातीचे. तेही वाईटच, पण तो आजचा विषय नव्हे.)

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रोज तयार करते. पहाटे-सकाळी जास्त, रात्री कमी. त्याच्या जोरावर माणूस सकाळी ताजा उठतो आणि रात्री निवांत झोपतो. शरीर दिवसाकाठी जेवढे तयार करते, ते प्रेडनिसोलोनच्या साधारण पाच मिलिग्रॅमच्या बरोबरीचे असते. आता दुखणे जोरात असेल तर डॉक्टर चाळीस मिलिग्रॅम लिहितात, कधी साठ. म्हणजे रोजच्या आठपट-बारापट. बरे, जिथे सूज आहे तिथेच नेमके सोडावे अशी सोय या गोळीत नाही. हे ठिबक नव्हे, मोकाट पाणी आहे. पोटात गेले की रक्तावाटे सांध्यात जाते, किडनीत जाते, तसेच मेंदूतही जाते. मग भूक वाढते, साखर चढते, तोंड गोल होते, झोप उडते. आणि मन हलते. यांतले पहिले चार डोळ्यांना दिसतात म्हणून लोक मान्य करतात. पाचवे दिसत नाही म्हणून ते माणसाच्या माथी मारतात.

एका गटातले आमचे जुने सभासद आहेत. नाव-गाव लिहीत नाही. वय साठीच्या आसपास. उभ्या आयुष्यात कोणाशी तंटा नाही. बोलणे इतके कमी की गटाचा चिटबॉय म्हणायचा, ‘‘तात्या मान हलवत्यात, त्यावरनं समजून घ्यायचं.’’ किडनीच्या दुखण्यावर त्यांना या गोळ्या मोठ्या मात्रेत सुरू झाल्या. पायाची सूज उतरली, घरच्यांना आनंद झाला. तात्यांनाही झाला, पण तो जरा जास्तच झाला. रात्री दोनला उठून विहिरीवर जाऊ लागले. शेतीपंपाला रात्रीची लाइट असल्याने कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मग नवी विहीर, वरच्या मळ्यापर्यंत पाइपलाइन, दोन ट्रॅक्टर अशा योजना निघाल्या. पहाटे चारला आम्हाला फोन : ‘‘साहेब, औंदा एकरी दीडशे टन काढून दावतो, लिहून ठेवा.’’ असा उत्साह सभासदाने दाखवला तर कोणत्या शेती खात्याला आवडणार नाही? पण त्याच आठवड्यात त्यांनी शेजारची दोन एकर जमीन चालू भावाच्या किती तरी वर बोलून इसार देऊन टाकला. बायकोला नाही विचारले, मुलाला नाही विचारले. भावाने हटकले तर जुन्या वाटणीची उणीदुणी काढून भर चावडीवर त्याचा पाणउतारा केला. तोडणीची तारीख दोन दिवस पुढे गेली तेव्हा हा मान हलवणारा माणूस मुकादमाच्या अंगावर धावून गेला.

गाव काय म्हणाले? कोणी म्हणाले, उसाचा पैसा डोक्यात गेला. कोणी म्हणाले, करणी झाली. म्हातारचळ म्हणणारेही होते. ‘गोळी सुरू झाल्यापासून हे चालले आहे,’ असे म्हणणारी एकच व्यक्ती होती, ती त्यांची मंडळी. त्या माउलीचे कोणी ऐकले नाही.

पुढे दुखणे आटोक्यात आल्यावर डॉक्टरांनी मात्रा कमी करायला सुरुवात केली आणि चाक उलटे फिरले. तात्या ओसरीवर बसून राहू लागले. पुढ्यातला चहा निवून जायचा. ‘‘म्या समद्यास्नी बुडिवलं,’’ म्हणून डोळ्यांतून पाणी. मुलाने विचार केला, हे सगळे या गोळीपायी चालले आहे. त्याचा विचार अर्धा बरोबर होता. पण त्यावरून त्याने गोळ्यांची पाकिटे एकदम कपाटात कोंडून ठेवली, आणि तिथे घात झाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्या, चक्कर, उभे राहण्याचे त्राण नाही. जीपमध्ये आडवे घालून रुग्णालयात न्यावे लागले. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘चालू असलेली कुठली गोळी बंद केली का?’’ त्या एका प्रश्नाने तात्या वाचले. गोळी पुन्हा सुरू झाली, मग काही महिन्यांत अगदी सावकाश उतरवत नेली. आज तात्या पूर्वीसारखे मान हलवतात. इसार मात्र बुडाला, आणि भाऊ अजून बोलत नाही.

हे एकट्या तात्यांचे नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. हे औषध आले तेव्हापासून ही गोष्ट जाणत्यांना माहीत आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचले गेले, आणि थोड्याच दिवसांत ती हिंडूफिरू लागली. १९५० साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुरुवातीच्या वर्षांत हेही दिसून आले की काही रुग्णांना हर्षवायू झाल्यासारखे होते, तर काही खचून जातात. १९७२ साली बोस्टन येथील औषधनिरीक्षण कार्यक्रमाने दवाखान्यात दाखल असलेल्या व प्रेडनिसोन घेणाऱ्या रुग्णांचा हिशेब मांडला. रोज चाळीस मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मनाचा गंभीर बिघाड शेकडा १.३ जणांना झाला. एक्केचाळीस ते ऐंशीपर्यंत शेकडा ४.६, आणि ऐंशीच्या वर शेकडा १८.४. मात्रा वाढेल तशी बाधा वाढते, हे त्यातून उघड झाले. हा हिशेब गंभीर बिघाडाचा. नुसती झोप उडणे, चिडचिड, उगाच रडू येणे, तोंडाचा पट्टा सुटणे हे याहून किती तरी जास्त जणांना होते आणि ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

याची सुरुवात बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत होते. थोड्या दिवसांच्या मोठ्या मात्रेत माणूस फुलतो, अंगात वारे भरल्यासारखा होतो. फार दिवस चालले तर खचतो. हे ढोबळ झाले. काही जण एकाच दिवसात दोन्हीकडे झुलतात. आधी कधी डोके दुखले नाही, घराण्यात कोणाला मनाचा आजार नाही, अशा धट्ट्याकट्ट्या माणसालाही हे होऊ शकते. आणि मात्रा उतरली की बहुतेकांचे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निवळते. एवढे घरच्यांना माहीत असले, तर अर्धे भांडण जागच्या जागी मिटते.

आमची खरी तक्रार इथेच आहे. तात्यांच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा घरच्यांना चार गोष्टी सांगितल्या गेल्या. जेवणानंतर द्या, मीठ कमी करा, चुकवू नका, पंधरा दिवसांनी या. चारही बरोबर. पण ‘यांचा स्वभाव बदलल्यासारखा वाटेल, घाबरू नका, मला येऊन सांगा,’ हे पाचवे वाक्य कोणी उच्चारले नाही. त्या दवाखान्याला आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. दारात शंभर माणसे खोळंबलेली असतात, हे आम्हाला दिसते. तरीपण पाच वाक्यांतले कोणते गाळायचे असा प्रश्न आला, तर दर वेळी मनाचेच का गळावे?

यावर एका डॉक्टर स्नेह्यांनी आम्हाला असे सांगितले की, आधीच सांगितले तर पेशंट भिऊन गोळीच घेत नाही. भीती खरी आहे, परंतु आम्हाला पटत नाही, आणि आमच्या न पटण्याला आमच्या धंद्यातला अनुभव कारण आहे. उसात काही तणनाशके मारली की उसाची पाने चार दिवस पिवळी पडतात, पीक थबकल्यासारखे दिसते, मग आपोआप सावरते. हे आधी सांगितले नाही तर काय होते? शेतकरी पाचव्या दिवशी प्लॉट बघतो, हबकतो, ऊस गेला म्हणून घाईने युरियाची पोती ओततो, नाहीतर दुकानदाराशी हाणामारीला उठतो. आणि आधी सांगितले तर तोच शेतकरी बांधावर उभा राहून म्हणतो, साहेब बोलले होते, होईल हिरवा. पिवळा पडेल असे सांगितले म्हणून तणनाशक न मारता घरी गेलेला एकही सभासद आम्हाला आठवत नाही. जो शेतकरी फवारणीचे एवढे समजून घेतो, तो गोळीचे समजून घेणार नाही, असे आधीच कशाला धरायचे? भीती असते ती न सांगता घडलेल्या गोष्टीची. तेव्हा सभासदांनी स्वतःच विचारावे. गोळी स्टेरॉईडची आहे का, किती दिवस आहे, उतरवायची कशी, आणि झोप व डोके यांवर काय परिणाम होईल, असे चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. विचारण्यात कमीपणा नाही. बेणे घेताना आपण जात, वय, कुठल्या मळ्यातले, सगळे खोदून विचारतोच ना!

आता गोळी उतरवण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जिवावर बेतते ते इथे. बाहेरून रोज आयते स्टेरॉईड मिळू लागले की ती मूत्रपिंडावरची ग्रंथी आपले काम सोडून देते. साधारण तीन आठवड्यांच्या वर गोळी चालली तर ती झोपी जाते असे धरून चालावे. सहा महिने दावणीला बसून खाल्लेला बैल पहिल्याच दिवशी भरल्या उसाच्या गाडीला जुंपला तर काय होईल? चढाला गुडघे टेकील. आधी मोकळा फिरवायचा, मग रिकामी गाडी, मग थोडे ओझे. ग्रंथीचे तसेच आहे. डॉक्टर चाळीसावरून तीस, तिसावरून वीस असे आणतात. खाली गेल्यावर पावले आणखी लहान करतात आणि कधी कधी एका पायरीवर काही आठवडे थांबतात. याला दिरंगाई समजू नये. या उतरणीत अंग मोडून येणे, थकवा, जेवण नको वाटणे, चिडणे, जगण्यात राम नाही असे वाटणे, हे होऊ शकते. ते मनाच्या कमकुवतपणामुळे होत नाही, शरीर पुन्हा आपले काम शिकत असते त्याचे ते लक्षण. फार झाले तर डॉक्टरकडे जावे. ते पायरी लांबवतात. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये, ‘आज बरे वाटते’ म्हणून नको आणि ‘आज डोके फिरले’ म्हणूनही नको. गोळी उलटून पडली, मोठा ताप आला, ऑपरेशन निघाले, तर ‘मला स्टेरॉईड चालू आहे’ किंवा ‘नुकतेच बंद केले आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

घरात काय करता येईल? कारखान्याचे कॅलेंडर भिंतीवर असतेच. त्या त्या तारखेच्या चौकोनात त्या दिवशीची मात्रा लिहावी, शेजारी रात्री किती तास झोप झाली ते, आणि मन कसे होते ते एका शब्दात. चिडले, रडले, बरे, असे. पाणीपाळीची नोंद ठेवणाऱ्या घराला हे काही जड नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरपुढे ते पान धरले तर जे तासभर बोलून सांगता येणार नाही ते त्यांना एका नजरेत कळते. दिवसाची गोळी एकदाच असेल तर ती सकाळी न्याहारीनंतर घ्यायला बहुधा सांगतात. शरीराचा नेमही तसाच आहे, आणि रात्रीच्या झोपेला त्यातल्या त्यात कमी धक्का बसतो. दुपारनंतरचा चहा कमी करावा. दारू तर नकोच.

दुसरे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मोठ्या मात्रेच्या आणि उतरणीच्या दिवसांत खरेदीखत, इसार, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, नवे कर्ज, जामीनकी, यांपैकी काहीही करू नये. जमीन कुठे पळून जात नाही. हे घरच्यांनी गोळी सुरू होतानाच, माणूस शांत असताना ठरवून घ्यावे. ‘‘आबा, गोळ्या संपेपर्यंत सही करायची झाली तर आपण दोघांनी मिळून करू,’’ असे थोरल्या मुलाने म्हटले तर त्यात बापाचा अपमान नाही. तोंडावर कागद ओढून घेतला तर मात्र आहे.

तिसरे, भांडण रात्री वाढवू नये. झोप नसलेल्या माणसाशी रात्री अकराला हिशेब काढणे म्हणजे वाळल्या पाचटात काडी टाकणे. ‘तुम्ही वेडे झालात’ हा शब्द तर कधीच नको. ‘‘आज गोळीचा जोर दिसतोय, उद्या बोलू,’’ एवढे पुरे. आणि स्वतः गोळी घेणाऱ्यानेही मनाशी म्हणावे, हा सगळा राग माझा नाही, यात गोळीचा वाटा आहे. फक्त ही पळवाट करू नये. मुकादमाच्या कानाखाली वाजवली तर पोलीस गोळीला धरून नेत नाहीत. राग चढतोय असे कळले की तिथून उठून मळ्याला एक फेरी मारून यावी, हे आम्ही तात्यांकडूनच शिकलो. शेवटच्या महिन्यांत ते तसे करीत.

भगिनींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. सांध्यांचा आमवात आणि ल्युपससारखी दुखणी बायकांत पुरुषांपेक्षा जास्त दिसतात, म्हणजे ही गोळीही त्यांच्या वाट्याला पुष्कळदा येते. पुरुष बिघडला तर निदान गावात बोभाटा होतो. बाई बिघडली तर सासू म्हणते, सून उलटून बोलू लागली. नवरा म्हणतो, माहेरच्यांनी शिकवले. ती रात्रभर जागून भांडी घासत बसली, किंवा कोपऱ्यात रडत बसली, तर गाडी देवऋष्याच्या दारात जाते. तिथे अंगारा, उतारा, आणि मग ‘औषध बंद कर’ असा हुकूम. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. पण गोळी बंद करण्याचा अधिकार देवऋष्याला नाही, एवढे प्रत्येक घराने ठरवून टाकावे. तोंडावर सूज येऊन चेहरा गोल झाला की बायाबापड्या ‘तब्येत सुधारली गं’ म्हणतात, पोरीबाळी हसतात. त्या गोल चेहऱ्याची लाज वाटून कितीजणी गुपचूप गोळी टाकून देत असतील! मात्रा उतरली की चेहरा पूर्ववत होतो, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांबद्दल थोडक्यात. दोन दिवसांत म्हातारा पळायला लागला, असे ज्या पुडीचे कौतुक होते तिच्याबद्दल शंकाच घ्यावी. अशा काही पुड्यांत व ‘जडीबुटी’च्या गोळ्यांत स्टेरॉईड मिसळलेले पूर्वी सापडले आहे. इथे धोका दुहेरी आहे. माणूस बिघडतो आणि कशाने ते कळत नाही, पुडीवाला पुढच्या गावाला गेला की औषध एकदम तुटते. मेडिकलमधूनही ही औषधे कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायची आहेत. जुनी चिठ्ठी पुढे करून किंवा शेजाऱ्याच्या पाकिटातल्या दोन गोळ्या उसन्या घेऊन काम भागवू नये. युरिया उसना चालतो, हे चालत नाही. उलट दम्याच्या पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते बहुतांश छातीतच काम करते. ‘त्यात स्टेरॉईड आहे’ एवढ्या शब्दाला भिऊन पंप टाकून देणेही बरोबर नाही.

एका बाबतीत मात्र पंधरा दिवसांच्या तारखेची वाट बघू नये. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही तरी थकवा नाही, घरच्यांवरच संशय, कोणी नसताना आवाज ऐकू येणे, किंवा ‘मी गेलेला बरा’ अशी भाषा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डॉक्टर मात्रा बदलू शकतात, झोपेसाठी व मनासाठी काही काळ दुसरे औषध देऊ शकतात. मनाच्या डॉक्टरकडे पाठवले तर जावे, जिल्हा रुग्णालयात ती सोय असते. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट आणि मराठीत बोलता येते. अंगावर बेतले तर १०८ ची गाडी. आणि अशा घरातले तणनाशक, कीटकनाशक गोठ्याच्या कोनाड्यात उघडे ठेवू नये. कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असावी. एरवीही हा नियम पाळायचाच, पण या दिवसांत आधी पाळायचा.

राहता राहिले आमचे खाते. हंगामात गट ऑफिसच्या खिडकीवर रोज कोणी ना कोणी तावातावाने येतो आणि त्यातल्या नव्याण्णवांना तावात येण्याचे कारण आम्हीच दिलेले असते. तोड लांबते, वाहन येत नाही, खुशाली मागितली जाते. तो राग रास्त आहे. तो गोळीच्या खात्यावर लिहून आम्हाला मोकळे व्हायचे नाही. परंतु शंभरावा माणूस ओळखीचा, शांत, आणि एकाएकी पालटलेला असेल, तर त्याच्या तोंडाला तोंड देऊ नका, त्याला बसवा, पाणी द्या आणि घरी फोन करा, असे चिटबॉय व ॲग्री ओव्हरसीअर मंडळींना आम्ही बैठकीत सांगितले आहे. आजारपणाच्या काळात कोणी रागाच्या भरात ऊसनोंद रद्द करायला आला, तर अर्ज घेऊन ठेवायचा, नोंद लगेच खोडायची नाही, आठ दिवसांनी घरच्यांसमक्ष पुन्हा विचारायचे, हेही ठरले आहे.

ज्या घरी दुखण्याचे असे मोठे औषध चालू आहे, त्यांनी तोडणीची तारीख, वजनाच्या पावत्या व पेमेंटच्या चौकशीसाठी घरातील आणखी एका माणसाचे नाव व मोबाइल नंबर गट ऑफिसात नोंदवावा. त्यासाठी साध्या कागदावर सभासद क्रमांक आणि सही पुरेशी आहे. आजार कोणता, हे विचारले जाणार नाही.